परसातल्या खोलीतले हेडफोन

आमच्या घरात माणूस अंथरुणाला लागायच्या आधी त्याचं भांडं वेगळं व्हायचं. दादाचं झालं तेव्हा मी अमरावतीच्या कॉलेजात नुकती जायला लागले होते. आई त्याचं ताट, तांब्या, फुलपात्र, कंगवा असं सगळं घमेल्यात भरून परसात नेताना दिसली, तेव्हाच मला कळलं की हे साधं दुखणं नाही. नाव कोणी घेतलं नाही. क्षय हा शब्द आमच्या घरात पुढेही कधी उच्चारला गेला नाही. ‘त्याची तब्येत’ एवढंच म्हणायचे, आणि तेही आवाज खाली घेऊन.

दादा म्हणजे माझा एकुलता एक भाऊ, माझ्याहून बराच मोठा. अकोल्याच्या एका शाळेत इंग्रजी शिकवायचा. गाण्याचं त्याला भारी वेड. स्वतः कधी गायला नाही, पण कोणी गायला बसलं की हा भिंतीला टेकून डोळे मिटायचा, आणि मग त्याला जेवायला उठवता उठवता आईच्या नाकी नऊ यायचे. त्या वर्षी दिवाळीच्या सुट्टीत घरी आला तो खोकतच आला. रुमाल लपवत होता. आईनं तो धुण्यातून शोधून काढला, पाहिला आणि तिथेच खाली बसली.

आमचे वडील वकील. त्यांनी त्याच दिवशी सगळं ठरवून टाकलं. गावात सांगायचं की मुलगा पुढच्या शिक्षणाला मुंबईला गेला. शाळेलाही तसंच कळवायचं. का, तर माझ्या लग्नाचं बघणं सुरू होतं, आणि ज्या घरात हा आजार त्या घरची मुलगी कोण करणार? म्हणजे माझं लग्न व्हावं म्हणून माझा भाऊ जितेपणी गावातून पुसून टाकला. मला कोणी विचारलं नाही. विचारलं असतं तर मी काय म्हटलं असतं ते मला चांगलं माहीत आहे, म्हणूनच विचारलं नसावं.

परसात पत्र्याची एक खोली होती. पूर्वी तिथे जळणाला कपाशीच्या पऱ्हाट्या आणि गोवऱ्या ठेवायचे. ती सारवून दादाची खाट टाकली. आणि आईनं नियम घातला: त्या उंबऱ्याच्या आत गेलेली वस्तू परत बाहेर यायची नाही. ताट आतच धुवायचं. वर्तमानपत्र आत गेलं की दुसऱ्या दिवशी बंबात. मी उंबऱ्याबाहेर पाटावर बसून बोलायचं, आत पाऊल टाकायचं नाही. आत फक्त आई जायची, आणि बाहेर आली की डोक्यावरून अंघोळ करायची. आई बाळापूरची, बोलायला खणखणीत. ती म्हणायची, “एक पोरगं त्या खाटेवर हाय. दुसरं मले तिथं नाई पाह्यचं.”

डॉक्टर वडिलांच्या ओळखीचे होते. मागच्या गल्लीनं यायचे आणि स्वतःच्या हातानं इंजेक्शन द्यायचे. तेव्हा ते औषध नवीन होतं. त्यानं माणसं मरणाच्या दारातून परत येतात असं लोक म्हणायचे, आणि ते खोटं नव्हतं. पण पहिल्याच दिवशी डॉक्टरांनी वडिलांना आणि मला ओसरीवर उभं करून सांगितलं, “हे औषध छाती वाचवतं, पण कधी कधी कान खातं. त्याच्या कानात काही वाजायला लागलं, चालताना तोल जायला लागला, तर मला त्याच दिवशी कळवायचं. मी इंजेक्शन थांबवीन. एकदा गेलेले कान परत येत नाहीत.” आईला सांगितलं तर ती म्हणाली, “मी रोज इचारीन त्याले.” आणि खरंच रोज विचारायची.

दादाला उठायची बंदी, बोलायची बंदी. वाचायला एक पुस्तक दिलं होतं. ते वाचून झाल्यावर आईनं त्याच्यादेखत बंबात घातलं, तेव्हा तो भिंतीकडे तोंड करून निजला तो संध्याकाळपर्यंत वळलाच नाही. मग मीच म्हटलं, त्याला रेडिओ द्या. वडील म्हणाले, “रिकाम्या खोलीतून गाणं ऐकू आलं तर शेजारी काय समजतील?” तर म्हटलं, कानाला लावायचा द्या. बॅटरीवर चालणारे एका व्हॉल्व्हचे छोटे सेट तेव्हा मिळायचे. त्यांना भोंगा नसायचाच, हेडफोन लावूनच ऐकायचं. वडील कबूल झाले. मात्र अमरावतीत घ्यायचा नाही, अकोल्याहून आणायचा, कारण इथे दर नाक्यावर त्यांचा एखादा अशील उभा. अकोल्याला माझी मावशी होती, तेव्हा जायला निमित्त होतं.

अकोल्याच्या त्या दुकानात रेडिओ कमी आणि तारांची गुंतवळ जास्त होती. दुकानदार सिंधी, फाळणीनंतर आलेले. तेवढ्या वर्षांत त्यांची बोली वऱ्हाडी-हिंदीची खिचडी झाली होती. सेट त्यांनी झटकन काढून दिला, पण हेडफोनची गोष्ट निघाल्यावर खुर्ची ओढून बसले.

“कोन ऐकनार, ताई?”

“वडील,” मी ठोकून दिलं.

“बसून का लेटून?”

“पडून.”

“बातम्या का गाना?”

“गाणं.”

“घरात गलबला हाय का शांत हाय?”

“शांत आहे,” मी म्हटलं. “फार शांत आहे.”

त्यांनी तीन तऱ्हा पुढे ठेवल्या. पहिला फौजी, लढाई संपल्यावर लिलावात निघालेल्या मालातला: पोलादी पट्टी, काळ्या बॅकेलाइटच्या वाट्या, कापडी वायर. आपटला तरी मरायचा नाही, स्वस्त, पण पडून ऐकलं तर कानशिलं दुखणार. दुसरा खड्याचा, म्हणजे आत स्फटिकाचा खडा असलेला, एकाच कानात घालायचा, बोटभर, वजनाला काहीच नाही. आजारी-म्हाताऱ्यांना उत्तम. बोलणं स्वच्छ ऐकू येतं, पण तबल्याचा डग्गा त्यात हरवतो, आणि त्यातला खडा उन्हाळ्यात तापला की कायमचा मुका होतो. तिसरा विमानवाल्यांचा, मऊ चामड्याच्या गाद्यांचा. तो लावला की बाहेरचं जग बंद, आणि आतला बारीकसारीक सूरसुद्धा हातात येतो. तो महाग होता. त्यांनी मला तिन्ही लावून दाखवले. तिसरा लावला आणि मला वाटलं, गाणारा माझ्या शेजारी येऊन बसला. पण वडिलांनी बजावलं होतं, स्वस्तातला आण. पडून ऐकणाऱ्याला महागाचा कशाला, असं त्यांचं म्हणणं. मी फौजी घेतला.

पहिले दिवस किती चांगले गेले काय सांगू. दुपारी नागपूर केंद्र लागायचं. दादा डोळे मिटून पडायचा आणि उजव्या हाताचं बोट हवेत फिरवायचा. मी उंबऱ्याबाहेर बसून ते बोट बघायची. गाणं मला ऐकू यायचं नाही, पण तान कुठे चढली आणि सम कुठे आली ते बोटावरून कळायचं. त्याचा ताप उतरत होता, खोकला कमी होत होता. आई स्वयंपाकघरात पुन्हा गुणगुणायला लागली. आपण सुटलो असं मला वाटायला लागलं होतं.

थंडी सरता सरता त्याची कुरकुर सुरू झाली. हेडफोन बरोबर वाजत नाही. आवाज दबका येतो. मधेच शिटी वाजते.

शिटीचं कोणाला नवल वाटलं नाही. हे छोटे सेट शिट्ट्या मारायचेच, बटण जरा जास्त फिरलं की कोकलायचे. दुकानदारानंही सांगून ठेवलं होतं, शिटी वाजली तर घाबरू नका. आई रोजच्यासारखी विचारायला गेली, “कानात काई वाजते का रे?”

“कानात नाई. या डबड्यात वाजते.”

“काढल्यावर थांबते ना?”

“हो,” दादा म्हणाला.

त्याच्या त्या ‘हो’वर आमचं सगळं घर टेकून उभं होतं. आई निश्चिंत झाली, वडील निश्चिंत झाले, मीही झाले. डॉक्टरांना सांगण्यासारखं काही नव्हतं, कारण वाजत होतं ते यंत्रात. आता बघा, साधी गोष्ट होती. कोणीतरी तो हेडफोन उचलून स्वतःच्या कानाला लावायचा. पण तो उंबऱ्याच्या आत गेला होता. रोग्याच्या कानाला लागलेली वस्तू आपल्या कानाला लावायची, हे आमच्या घरात कोणाच्या डोक्यातच येऊ शकत नव्हतं. दुकानात परत नेऊन दाखवायची सोय नव्हती. दुसऱ्या कोणाच्या कानाला लागला तर त्याचं पाप कोणाच्या माथी? आईनं तो खाटेखालच्या पत्र्याच्या पेटीत टाकला आणि मला म्हणाली, “दुसरा आण.”

मी अकोल्याला जाऊन खड्याचा आणला. बॅटरी बदलली, छपरावरची एरियलची तार लांबवली. शेजाऱ्यांनी विचारलं तर वडिलांनी सांगितलं, ओसरीवरच्या मोठ्या रेडिओसाठी आहे. खड्याचा दादाला आवडला. कान दुखत नाहीत म्हणाला. पण एक गोष्ट माझ्या डोळ्यांना टोचली. आधी तो उजव्या कानात घालायचा. पंधरवड्यात डाव्या कानात घालायला लागला. मी विचारलं तर म्हणाला, “एकाच कुशीवर किती निजू?” मला पटलं. पटवून घ्यायला आम्ही सगळे टपूनच बसलो होतो.

मग उन्हाळा आला. अमरावतीचा वैशाख, आणि वर पत्रे. खिडकीला वाळ्याचा पडदा लावून आई पाणी मारायची, तरी आतून भट्टीसारख्या झळा यायच्या. खड्याचाही बंद पडला. “मेला,” दादा म्हणाला. दुकानदाराचं भाकीत खरं झालं म्हणून मला तर जवळजवळ बरंच वाटलं. तो पेटीत गेला.

त्या दिवसांत दादा मोठ्यानं बोलायला लागला. आधी पाण्याला हाक मारायचा तीही कुजबुजून. आता त्याचं “आई” विहिरीपर्यंत ऐकू यायचं, आणि आई धावत जाऊन तोंडावर बोट ठेवायची. तब्येत सुधारली म्हणून आवाजात जोर आला, असं वडील म्हणाले. चालताना तो भिंत धरायचा. अशक्तपणा असेल, दुसरं काय, असं आम्ही म्हणत होतो. डॉक्टर यायचे ते छाती तपासायला. कानाचं आईला विचारायचे, आणि आई शपथेवर सांगायची, रोज विचारते, काही नाही.

वडील एका सकाळी मला म्हणाले, “त्या दुकानात सगळ्यात चांगला असेल तो आण.” किंमत त्यांनी विचारली नाही. माझे वडील बाजारात कोथिंबिरीच्या जुडीवरून घासाघीस करणारे. त्यांनी किंमत विचारली नाही, तेव्हा मला खरी भीती वाटली. त्यांच्याही मनात काही पाल चुकचुकली होती का? मी त्याच दिवशी अकोल्याची गाडी धरली.

दुकानदारानं चामड्याच्या गाद्यांचा काढून दिला. वाजवून दाखवला. उत्तम वाजत होता. “याच्यापुढे माझ्याजवळ काईच नाई, ताई,” ते म्हणाले.

दादानं तो लावला आणि हसला. चांगला आहे म्हणाला. बोट पुन्हा हवेत फिरायला लागलं. दोन-तीन दिवसांनी वानरांची टोळी पत्र्यावर उतरली. आमच्याकडे ती नेहमीची, पण पत्र्यावर एकदम दहा-बारा वानरं आदळली की छातीत धस्स होतं. मी पाटावरून उठले. आईच्या हातातला तांब्या पडला. दादा तसाच पडून होता. पापणीसुद्धा हलली नाही, बोट आपलं फिरतंय. मी मनाला समजावलं, गाद्या जाड आहेत, बाहेरचं ऐकू येत नाही असं दुकानदार म्हणालाच होता. पण त्या दिवसापासून मला जेवण गेलं नाही. ते बोटही मला बरोबर वाटेना. तान घेतंय खरं, पण सम कुठे येते ते कळेना.

चार-पाच दिवसांनी दुपारी तो हेडफोन काढून उशीवर टाकत म्हणाला, “हाही मेला. काईच येत नाई यात.” आई विहिरीवर होती. मी उंबऱ्याबाहेर बसले होते. आणि मला गाणं ऐकू आलं. मच्छराच्या गुणगुणीएवढं बारीक, पण गाणंच. ते उशीवरून येत होतं.

मी उठले आणि उंबरा ओलांडला. त्या खोलीत मी पहिल्यांदाच गेले. दादा दचकून “बाहेर हो” म्हणाला, पण मी हेडफोन उचलून कानाला लावला आणि लगेच दूर धरला, इतका आवाज होता. बटण शेवटपर्यंत पिळलेलं होतं. कान फुटतील असं कोणीतरी गात होतं. मी खाली वाकून पेटी उघडली आणि फौजी काढून सेटला लावला. तोही वाजत होता. खड्याचा लावला. चैत्र-वैशाख काढूनसुद्धा तो ठणठणीत होता.

माझं तोंड बघून दादाला सगळं कळलं. तो इतक्या शांतपणे बोलला की मला त्याचा राग आला.

“डॉक्टरले सांगू नको. थोडेच राह्यले इंजेक्शनं. थांबवले तर मी मरतो.”

“तुला माहीत होतं?” मी ओरडले. तो माझ्या ओठांकडे बघत होता. पुन्हा म्हणायला लागलं.

“होळीपासून,” तो म्हणाला. “शिटी काई थांबत नव्हती.”

“मग इतके हेडफोन कशाला मागवले?”

“राह्यलं तेवढं तर ऐकू द्या.”

मागे आई उभी होती. तिनं आधी पाहिलं ते माझ्या हातातलं. “तू ते कानाले लावलं?” तिच्या चेहऱ्यावर जी भीती होती ती माझ्यासाठी होती. आणि माझं डोकं फिरलं. म्हटलं, “हो, लावलं. आधीच लावायला पाहिजे होतं कोणीतरी. सगळे चांगले आहेत, एकही मेला नाही.” आईला समजायला वेळ लागला. मग ती दाराची चौकट धरून खाली बसली, आणि रडताना तोंडात पदर कोंबला, कारण त्या खोलीत कोणी राहत नव्हतं ना!

मी डॉक्टरांना सांगितलं. दादाचं ऐकलं नाही. ते तडक आले, त्याच्या कानामागे घड्याळ धरलं, मग टाळी वाजवली, आणि इंजेक्शन बंद केलं. याच आजारावर दुसऱ्या गोळ्या होत्या, त्यांवर ठेवलं. आम्ही सगळे महिनाभर त्याच्या थुंकीकडे बघत जगलो. छातीतली जखम भरून आली. दादा जगला. डाव्या कानात थोडं राहिलं होतं, तेही वर्षभरात गेलं.

माझं लग्न ठरलं, झालं. दादा मुंबईहून शिकून आला असं सांगितलं होतं. नवा कोट घालून तो मांडवात पहिल्या रांगेत बसला. आता त्याला ऐकू येत नाही हे कोणाला सांगायचं नव्हतं, कारण कान कशानं गेले असं लोकांनी विचारलं असतं. माझे सासरे त्याच्या मागून आले, त्यांनी त्याला हाक मारली. एकदा, दोनदा. तो वळला नाही. जमलेले लोक बघायला लागले. सासरे वडिलांना म्हणाले, “तुमचे चिरंजीव हाकेलाही ओ देत नाहीत.”

“मुंबईचा वारा लागला त्याला,” वडील म्हणाले. “आता आपल्यासारख्यांशी कशाला बोलेल?”

सगळे हसले. आजूबाजूचे हसताना दिसले तेव्हा दादानं मान वर केली, इकडेतिकडे पाहिलं आणि तोही त्यांच्याबरोबर हसला.